वाटीतला हिरवा उजेड

खिडक्यांना काळे पडदे लावलेल्या त्या दालनात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे टेबलावर काचेची वाटी, वर जांभळा दिवा आणि मागे उजेडबाबा. त्यांनी एका लहान मुलीच्या हाताला ‘शुद्धीची’ पांढरी पूड चोळली, तो हात वाटीतल्या पाण्यात बुडवला आणि पाणी हळूहळू हिरवंगार पेटलं. सगळ्या दालनाने श्वास रोखला.

“पाहा, पाहा!” बाबा गरजले. “मोठमोठ्या यंत्रांना जे दिसत नाही, ते माझं पाणी सांगतं! रक्तात धातू, हाडांत धातू, विचारांतसुद्धा धातू! पोरगी आहे की भंगाराचं दुकान?”

लोक हसले. मुलीच्या आईने मात्र हात जोडले. न सांगता ओळखलं यांनी! दारात नंबर देणाऱ्या बाईशी आपण तासभर याच दुखण्याबद्दल बोलत होतो, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी कधी ठरायची नाही म्हणून. पण वर्षभरापूर्वी तिचा हात थरथरू लागला, अक्षर बिघडलं, जीभ अडखळू लागली. डॉक्टरांनी निदान केलं: अन्नातून येणारं तांबं हिच्या शरीराबाहेर पडत नाही, यकृतात आणि मेंदूत साचत राहतं. गोळ्या घेतल्या तर पोर नीट जगेल. पण गोळ्या जन्मभर.

“जन्मभर म्हणजे किती गं आई?” भिंगरीने विचारलं होतं. रिकाम्या पोटी गोळी घ्यायची, मळमळ सोसायची, शाळेत ‘म्हातारी’ म्हणून चिडवून घ्यायचं. आई शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवायची आणि रोज सकाळी त्या एका गोळीसाठी लेकीशी भांडायची. पार थकून गेली होती बिचारी.

“गोळ्यांनी धातू आणखी खोल जातो,” बाबा म्हणाले. “बंद करा. हे कलशातलं पाणी रोज पाजा. वाटी अंधारली की पोरगी सुटली!”

पाणी तुरट, आंबटसर होतं. भिंगरी नाक मुरडून प्यायची, पण गोळी नाही म्हणून खूश होती. तिसऱ्या खेपेला बाबांनी वाटीत कलशातले चार थेंब शिंपडले, पूड लावलेला हात बुडवला आणि पाणी काळंच राहिलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आईने तिथेच बसकण मारली आणि ती हमसाहमशी रडली.

दोन महिन्यांनी भिंगरीचे डोळे पिवळे झाले. पोट फुगलं. ती हाकेला ओ देईनाशी झाली, तेव्हा आईने धाकट्या बहिणीला फोन केला. बहीण आली, तिने भाचीकडे पाहिलं आणि विचारलं, “ताई, गोळ्या?”

ताईने कलशाच्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवलं. बहिणीने पोरीला उचललं आणि थेट रुग्णालय गाठलं.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर आई एकच पालुपद घेऊन बसली होती. “वाटीत उजेड नव्हता गं! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

ही धाकटी बहीण प्रयोगशाळेत काम करायची. जिवंत पेशींत कुठला धातू कुठे आहे हे दाखवणारे रंग ती बनवायची. असा रंग पेशीत शिरतो आणि हव्या त्या धातूशी गाठ पडली की चमकतो. ‘दिव्यांचं काहीतरी करते’ एवढंच आईला ठाऊक होतं.

“हाताला काही लावत होते?”

“पांढरी पूड. दर वेळी.”

“आणि वाटी अंधारली तेव्हा? वेगळं काही केलं?”

“कलशातलं पाणी शिंपडलं. भिंगरीला पाजते तेच.”

“कलश कसला होता, ताई?”

आईने बहिणीकडे पाहिलं. “तांब्याचा.”

घरात उरलेली पाण्याची बाटली आणि पोरीच्या फ्रॉकवर सांडलेली पूड घेऊन बहीण प्रयोगशाळेत गेली. परतली ती डोळे लाल करूनच.

“पूड जस्ताची आहे. त्याच्या वाटीत आमच्यासारखाच रंग असणार, जस्त भेटलं की चमकणारा. पूड कुणाच्याही हाताला लावा, उजेड पडणारच. आणि तांबं मिसळलं की तो रंग विझतो. लिंबू पिळून तांब्यात ठेवलेलं पाणी होतं ते, ताई. तांबं उतरलेलं.”

“म्हणजे जे हिच्या अंगातून काढायचं होतं...”

“तेच तो पाजायला लावत होता.”

आईने तोंडात पदर कोंबला.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, यकृत निकामी झालंय. आईच्या यकृताचा तुकडा जुळला तर आशा आहे. तपासण्या झाल्या. जुळला. परवा शस्त्रक्रिया.

“मला आधी तिथे जायचंय,” आई म्हणाली. “तिथे आजही पोरं बसली असतील.”

दालन तसंच खचाखच भरलेलं होतं. आई बहिणीला घेऊन रांग मोडून पुढे गेली आणि कुणी अडवायच्या आत तिने कोरडा, स्वच्छ हात वाटीत घातला. पाणी काळंच राहिलं.

“बाई, तुम्ही शुद्ध आहात!” बाबा हसून म्हणाले.

“मी? आणि ही?” तिने टेबलावरच्या बाबांच्या डब्यातली चिमूटभर पूड वाटीत टाकली, ढवळली. माणसाच्या हाताशिवायच वाटी हिरवीगार पेटली. “पुडीला कुठला रोग झालाय, बाबा? तिच्या विचारांत धातू शिरला का?”

कुणीतरी खुदकन हसलं. आईने कलश उचलून त्यातलं थोडं पाणी वाटीत ओतलं. उजेड विझला.

“झाली बरी! पूड बरी झाली!” तिचा आवाज फाटला. “माझी पोरगी अशीच बरी केली यांनी. ती आता नळ्यांमध्ये पडली आहे.”

“अविश्वासू बाई! पाणी कोपतं!” बाबा ओरडले, पण त्यांचा एक हात मागच्या दाराच्या कडीवर होता.

“पाणी कोपत नाही,” बहीण म्हणाली. “ज्याला वाटेल त्याने पुढे या. पूड टाका, कलश ओता. कुणीही टाकलं तरी हेच होईल.”

तिने वाटी रिकामी करून टेबलाखालच्या बाबांच्या बाटलीतलं पाणी तिच्यात नव्याने भरलं. एक टॅक्सीवाला पुढे आला. त्याच्या मुलाला फिट यायच्या. त्याने पूड टाकली, उजेड पाहिला, कलश ओतला, अंधार पाहिला. मग मुलाला खांद्यावर घेतलं आणि बायकोला एवढंच म्हणाला, “औषधाची बाटली फेकलीस का गं?” बायको रडायला लागली. बाबा तोवर पसार झाले होते. सगळे काही उठले नाहीत. कित्येक जण तिथेच बसून राहिले, बाबा परत येतील म्हणून.

भिंगरी वाचली. आईच्या पोटावर लांब व्रण राहिला, लेकीच्या पोटावर त्याहून लांब. पोरीचा हात अजून थरथरतो. मेंदूत जे बिघडलं, ते सगळं भरून आलं नाही. डॉक्टर म्हणतात, कदाचित येणारही नाही.

आता आई शाळांत, वस्त्यांत जाते. वाटी, बहिणीने दिलेला रंग, पूड, कलश आणि दिवा घेऊन सगळ्यांसमोर उजेड पाडते, विझवते आणि समोरच्या आईबापांना सांगते, “असं कुणी दाखवलं तर लाजू नका, घाबरू नका. म्हणा, पूड न लावता हात बुडवा. म्हणा, आधी तुमचा हात बुडवा. तो चिडेल, शाप देईल, बाहेर काढेल. काढू दे. पण सरळ उत्तर मिळेपर्यंत लेकराची गोळी एक दिवससुद्धा चुकवू नका.”