रुमालाखालचा भाव

भिकुबाईचं डोकं तापलं की लोणखेड्यातली अर्धी गल्ली चिडीचूप व्हायची. म्हणून शहाद्याच्या डॉक्टरांनी तिचा रक्तदाब वाढलाय असं सांगितलं, तेव्हा नवल कुणालाच वाटलं नाही. पण डॉक्टर पुढे म्हणाले, गोळी रोज घ्यायची, जन्मभर. हयगय केली तर एखाद्या सकाळी तोंड वाकडं झालेलं दिसेल.

वाकड्या तोंडाने सुनांना धाक कसा घालायचा? भिकुबाई घाबरली ती तिथे.

तिचा भाऊ दलसिंग नंदुरबारला रेल्वेत, त्याला औषध फुकट. शेतकऱ्याने आपल्या खिशात हात घालायचा. आणि या घरचा खिसा हिंमतरावांचा. नवरा बैलांचा मोठा पारखी. बैलबाजारात रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची, एक बोट म्हणजे एक, सारा पंजा म्हणजे पाच. तिथे ठरलेला भाव उघड्यावर बोलायचा नाही, हा त्यांचा बाणा.

गोळ्यांची कागदी पुडी त्यांनी तिच्या हातात ठेवली.

"कितलाले पडन्यात?" तिने भाव विचारला.

"रुमालखाले ठरनं. सांगता येत नही."

"मी काय दलाल शे का, मन्हापासून लपाडाले?"

हिंमतराव मिशीत हसले आणि ओट्यावर जाऊन बसले.

भिकुबाईने हिशेब लावला. हा माणूस तांब्या दोन आण्यांनी स्वस्त मिळाला तरी तीन दिवस गावभर सांगतो. गप्प बसला म्हणजे गोळी सोन्याच्या भावाची. मग तिने सुपारीचा अडकित्ता घेतला आणि कट्. रोज अर्धी. एवढं महागाचं औषध एका घोटात संपवायला ती काय उधळी होती?

महिनाभराने डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. पारा होता तिथेच.

"गोळी रोज घेता ना?"

"रोज," भिकुबाई ठसक्यात म्हणाली. खोटं थोडंच होतं?

पण दवाखान्याची पायरी उतरताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत धरून ती उभी राहिली आणि मनातून चरकली. आता अख्खी गोळी घ्यायलाच हवी, पण तिचा भाव? मग सरळ कंपाउंडरच्या खिडकीशी गेली. कंपाउंडर दोधू तिच्या माहेरचा, तिला फुई म्हणायचा, म्हणजे आत्या, आणि हिंमतरावांना फुवा.

"दोधू, पदरखाले हात घाल."

"फुई, लोक दखी ऱ्हायनात!"

"दखू दे. तुन्हा फुवानी रुमालखाले जो भाव ठराया, तोच सांग. तोंड उघडू नको, म्हणजे त्यास्ना बाणाबी राहीन."

दोधूने घाबरत तिचं एक बोट दाबलं. मग दुसरं बोट अर्ध्यावर धरलं.

"दीड. दीडशे?"

"नही वं फुई."

"मंग पंधरा?"

"दीड रुपया. महिनाभराचा."

भिकुबाईला भिंत पुन्हा धरावी लागली. मग रागच आला. एवढं मोठं डोकं आणि औषध दीड रुपयाचं?

दोधू घाईघाईने म्हणाला, "कंपनीना खोकामधली नऊ रुपयानी शे. फुवा तीच मांगत होतात. मीच सांगं, आत तीच दवा शे, खोकाना पैसा कशाले देतस? डॉक्टरसाहेबबी हाच सांगतस. फुवा म्हणनात, दे, पण तिले सांगू नको. स्वस्तानी शे म्हणशी तर ती दारातूनच फेकी देई."

हे मात्र खरं होतं. मागल्या दिवाळीला स्वस्तातलं लुगडं तिने दारातूनच परत धाडलं होतं.

"आन् फुई, पारा उतरत का नही?"

"उतरी, उतरी," ती म्हणाली. "दे आखो एक पुडी. आन् अडकित्त्याचं कोणाले सांगू नको."

"कोनता अडकित्ता?"

"काही नही. तू गोळ्या मोज."

संध्याकाळी हिंमतराव ओट्यावर बिडी पेटवत होते. भिकुबाई त्यांच्यापुढे बसली, अख्खी गोळी जिभेवर ठेवली आणि तांब्याभर पाण्याने गिळली.

"मन्हासाठे कितली महाग दवा आणतस तुम्ही," ती लाडीगोडीने म्हणाली. "रोज एक, जन्मभर. घर बसी जाई ना. आते कुठं तरी हात आखडाले पाहिजे. आजपासून तुमनी बिडी बंद."

हिंमतरावांनी तोंड उघडलं. तिच्याकडे पाहिलं. तोंड मिटलं.

"का? काही सांगानं शे का?"

"नही," हिंमतराव म्हणाले.

तिने हात पुढे केला. "बंडल द्या. आन् ते कितलाले पडनं ते सांगा. हाई तर रुमालखाले नही ठरत ना?"