बत्तीस किलोची पेटी

सन १९६९. मार्चचा पहिला आठवडा. मृग बहाराची संत्री उतरत होती आणि कॉटन मार्केटपासून स्टेशनापर्यंत सालीचा वास सुटला होता. मी ह्या गोष्टीतला वजनकाटा बोलतोय. लोखंडी अंग, पितळी दांडी, खाली चार चाकं. मी थोडं बोलतो. जे बोलतो ते तोलून.

जन्म हावड्याचा, १९६२चा. शेर गेले, मण गेले, किलो आले, त्या धामधुमीत माझं ओतकाम झालं. तिथून मालगाडीने नागपूरला आलो, मधुसूदन शेठच्या मालवाहतुकीच्या गोदामात. माझा एक नियम होता. वजन ठेवल्याशिवाय हलायचं नाही. वारा येवो, ट्रक थडथडो, शेठ ओरडो. मी हललो नाही.

गोदामाचा मापारी चंद्रभान. वाळकं शरीर, सरळ मान. सकाळी दार उघडलं की आधी माझी धूळ पुसायचा, मग चपला काढून स्वतः माझ्यावर उभा राहायचा. चोपन्न किलो. मगच मालाला हात. त्याची बायको पंचफुला बाजूच्या आवारात संत्री भरायच्या कामावर होती. ती भिंतीवरून पाहायची.

"काहून गा, रोज काय मोजता? आंग वाढून राहिलं का तुमचं?"

"मी चोपन्न भरलो तं काटा खरा. मंग माल."

"अन् सणाची पुरणपोळी खाल्ल्यावर?"

"तं काटा पंचावन्न सांगन. तोही खरा."

मला हा माणूस आवडला.

१९६६ साली माझी अब्रू गेली. रोज अर्धा-पाऊण किलो जास्त दाखवू लागलो. गिऱ्हाईक भांडू लागलं. शेठने भंगारवाल्याला बोलावलं. हातगाडी दारात उभी राहिली, दोर आला. मी मनात हावड्याची भट्टी पाहिली.

"थांबा, शेठजी," चंद्रभान म्हणाला. जमिनीवर पालथा पडला आणि खांद्यापर्यंत हात माझ्या पोटात घातला. बाहेर काढलं ते उंदरांचं घरटं. चिंध्या, कागद आणि गुलाबी पिल्लं. त्याने मोजली. "सात! अन् ही त्यायची माय. काटा चांगला हाय, शेठजी. भाडेकरू ठेवले होते त्यानं."

शेठ पोट धरून हसला. भंगारवाला रिकामी गाडी घेऊन गेला. चंद्रभानचं ते देणं माझ्यावर राहिलं.

आता त्या मार्चकडे येतो.

मुंबईहून कलकत्त्याला निघालेल्या ट्रकचा पाटा आमच्या दारासमोर तुटला. माल उतरवावा लागला. आमच्याकडे रीत अशी की उतरलेला माल माझ्यावरून गेल्याशिवाय आत जात नाही. बाकी सगळं ठीक भरलं. राहिली एक पेटी. बिल्टीवर लिहिलेलं, 'नागपुरी संत्री, वीस किलो.' चंद्रभानने दांडीवर वीस लावले. दांडी वरच टेकली. पंचवीस लावले, तीस लावले. बत्तीसवर दांडी सपाट झाली.

ट्रकच्या मागे एक काळी मोटार होती. तिच्यातून गॉगलवाला उतरला. अंगाला अत्तर, हातात दोन घड्याळं.

"काटा खराब है तुम्हारा. पेटी अंदर रखो."

चंद्रभानने पेटी उतरवली, चपला काढल्या आणि माझ्यावर उभा राहिला. चोपन्न. "शेठजी, हमाल पाहून राहिले, तुमीही पाहा. काटा खरा हाय. पेटी खोटी हाय."

तेवढ्यात पंचफुला चहा घेऊन आली. पेटीवरचं नाव तिला एका हमालाने वाचून दाखवलं. तिने कपबशी खाली ठेवली आणि अशी हसली की आवारातल्या सगळ्या बाया भिंतीला येऊन लागल्या.

"अवं माय! मुंबईहून नागपुरात संत्री! आता समुद्रात मीठ पाठवा म्हणा!"

चूक तिथे होती. टोळी मोठी होती. सोनं दुबईहून होडीने यायचं, मुंबईच्या खाडीत उतरायचं, ट्रकने कलकत्त्याला जायचं. कलकत्त्यात संत्रं नागपूरचं चालतं, एवढं त्या हुशार लोकांना ठाऊक होतं. म्हणून पेटीवर नागपूर लिहिलं. पण नागपूरचं संत्रं मुंबईहून निघत नाही, नागपूरहून निघतं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं.

पंचफुलाने फळी उचकटली. वरचं एक संत्रं दाबलं. "सुकलं हाय. अन् खाली भाताचं तणस नाही, कागद भरले हायत. कोणत्या गाढवानं भरली वं ही पेटी?" तिने पेटी उलटी केली. संत्री गडगडली. त्यांच्यामागून पिवळी बिस्किटं खणखणत आली. दहा-दहा तोळ्यांची. शंभर.

गॉगलवाला पळाला. तीन पावलं पळाला. चौथं पाऊल संत्र्यावर पडलं, पाचवंही. दोन्ही पाय वर गेले आणि तो धाडकन येऊन बसला, तो माझ्यावर. हमालांनी दाबून धरला. चंद्रभानने सवयीने दांडीवरचं वजन सरकवलं.

"एक्क्याऐंशी किलो!" तो ओरडला. "अत्तर धरून!"

त्या दिवशी कॉटन मार्केट संध्याकाळपर्यंत हसत होतं.

मग साहेब लोक आले. कस्टमचे आले, दिल्लीचे आले. पेटीतले कागद हाँगकाँगच्या वर्तमानपत्राचे निघाले, म्हणून तिकडे तारा गेल्या. सिंगापूरचा एक अधिकारी स्वतः आला. ठेंगणा, गंभीर, कोटाला सुरकुती नाही. त्याच्या देशात हीच टोळी अफू पाठवत होती. वर्षभर तो माग काढत होता. प्रत्येक बंदरावर वेगळं नाव, वेगळी पेटी, आणि एका देशाचे पोलीस दुसऱ्याला कळवेपर्यंत पेटी तिसऱ्या देशात.

दुभाष्याने पंचफुलाचं बोलणं त्याला सांगितलं. आधी त्याने वहीत उतरवलं. मग त्याला हसू फुटलं. हसता हसता त्याने सहा संत्री खाल्ली, आणि माझ्यावर उभा राहून वजनही केलं. एकोणसाठ. जाताना म्हणाला, "आता आम्ही सगळे एकच पाहू. जिथे जे पिकतं, तिथे तेच बाहेरून का येतंय?"

चार महिन्यांनी त्याचं पत्र आलं. सिलोनच्या बंदरात बाहेरून आलेली चहाची खोकी उघडली होती. चहा वरच्या थरापुरता होता. सिंगापूर, सिलोन, हाँगकाँग आणि मुंबई, चौघांनी एकाच आठवड्यात छापे घातले. शेठने ते पत्र गोदामाच्या भिंतीवर लावलं. पंचफुला म्हणाली, "पाहा, मी हसली तं चार देशाचे चोर धरले. तुमी सांगता, हसू नको."

आता १९८६ चाललं आहे. गोदामात बटणांचा काटा आला. मी चंद्रभानच्या अंगणात असतो. माझ्यावर सांडगे वाळतात, मधूनमधून बकरी उभी राहते. तक्रार नाही. एक विनंती आहे. माझ्यासारख्या कोणावर उभे राहाल तर श्वास आत ओढू नका. वजन कमी होत नाही. मी पुष्कळ पाहिले.

पण कोर्टाचं सांगायचं राहिलं.

खटला १९७१ साली उभा राहिला. गॉगलवाल्याचा वकील मोठा होता. त्याने सगळं उलटं फिरवलं. "पेटी वीस किलोचीच होती. काटा भंगार आहे, एकदा भंगारात निघालाही होता. पेटी उघडल्यावर सोनं त्या मापाऱ्यानेच टाकलं." माझा आकडा खरा तर सोनं आधीपासून पेटीत. माझा आकडा खोटा तर चंद्रभान चोर. एवढं सोपं होतं. चंद्रभानलाही आरोपी म्हणून पिंजऱ्यात उभं केलं होतं. पंचफुला मागच्या बाकावर. त्या दिवशी ती हसत नव्हती.

मला मालखान्यातून ढकलत आणलं. खटल्याचा पुरावा म्हणून दोन वर्षं मी तिथे धूळ खात होतो. वजनमापे खात्याचं सीलबंद वीस किलोचं वजन आलं. दांडीवर वीस लावले. वजन माझ्यावर चढणार, तोच माझ्या पोटात वळवळलं.

उंदीर. पुन्हा उंदीर. मालखान्यातला, खाऊन पिऊन माजलेला, बरोबर माझ्या तरफेवर बसलेला.

चंद्रभानने दांडीची थरथर ओळखली. "हुजूर, खाली पाहू द्या! एक मिनिट!"

"आरोपी काट्याला हात लावणार?" वकील गरजला. "पाहा, घाबरला!"

न्यायाधीशांनी मान हलवली. परवानगी नाही. शिपायाने वजन उचललं.

मी नऊ वर्षांत विनाकारण हललो नव्हतो. त्या दिवशी हललो. सगळा जोर लावून माल ठेवायची फळी वर घेतली आणि खाड् करून आपटली. उंदीर सुटला तो थेट वकिलाच्या बुटावरून, झग्याच्या आतून, टेबलावरून. वकील खुर्चीवर चढला. कारकून टेबलावर चढला.

"भाडेकरू निघाला वं!" पंचफुला किंचाळली, आणि आख्खं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला.

मग वजन ठेवलं. वीस. दांडी सपाट. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

"आता मापाऱ्याला काट्यावर उभं करा," न्यायाधीश म्हणाले.

चंद्रभानने चपला काढल्या आणि माझ्यावर आला. चोपन्न.

त्याला सोडून दिलं. माझं देणं फिटलं.