उलटा मोजा

मुलांच्या आश्रमात तळमजल्यावरच्या खोलीत सोळा मुलं होती आणि त्यातली निम्मी बोलत नव्हती. काहींना बोलता येत नव्हतं, काहींनी बोलणं सोडून दिलं होतं. त्यांना सांभाळणारी चष्मेवाली मावशी वीस वर्षांची जुनी. तिला त्यांच्या रडण्यावरून कळायचं, भूक आहे की हट्ट.

सकाळची औषधं तिच्याकडे. आता कोणी म्हणेल, वही नव्हती का? होती की, चांगली जाडजूड! पण कडेवर एक, हातात बाटली आणि पायाला दुसरं मिठी मारून बसलेलं, अशात वही लिहून दाखवा म्हणावं. म्हणून मावश्यांनी आपली एक रीत काढली होती. औषध दिलं की मुलाचा डावा मोजा उलटा करून घालायचा. सगळं उरकलं की मोजे बघून वहीत एकदम सह्या ठोकायच्या. इतकी वर्षं यात कधी घोळ झाला नव्हता.

त्या दिवशी औषधं अर्ध्यावर असताना दारात कुणाचं तरी बोट सापडलं. एकच बोंबाबोंब! मावशी धावली, बोट फुंकलं, पट्टी बांधली, रडं थांबवून परत आली. चिमणी खाटेत बसली होती. तीन वर्षांची, फिट येणारी, तोंडातून शब्द नाही. पण मावशी वाकली की तिचा चष्मा ओढणार म्हणजे ओढणारच. मावशीनं तिचा पाय पाहिला. मोजा सुलटा. अगं बाई, ही राहिलीच की! तिनं फिटचं औषध मोजून पाजलं. गोड असायचं ते, चिमणीनं चमचा चाटूनपुसून साफ केला.

शेजारच्या खाटेवर गोट्या. त्याचाही मोजा सुलटा. बाटलीचं झाकण उघडता उघडता मावशीचा हात थबकला. गोट्यानं मघाशीच औषध तिच्या अंगावर थुंकलं होतं. बाहीवरचा डाग अजून ओला होता.

"मावशी, बघा तरी!" मागून आजीबाई म्हणाली. आजीबाई नऊ वर्षांची, सगळ्यांना शहाणपण शिकवत फिरायची म्हणून हे नाव. "सगळ्यांचे मोजे मी नीट केले. तुम्ही पण ना, रोज उलटेच घालता!"

मावशीनं बाटली खाली ठेवली. चिमणीला दोनदा गेलं होतं.

खोटं कशाला बोला, तिच्या मनात आधी स्वतःचाच विचार आला. मागच्याच महिन्यात एका मावशीला नुसती डुलकी लागली म्हणून घरी पाठवलं होतं. हिची नोकरी गेली की आश्रमाच्या आवारातली खोली जाणार, म्हाताऱ्या आईला घेऊन ही जाणार कुठे? गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पोर झोपेल जरा जास्त, इतकंच. नाहीतर उठणारच नाही. चिमणीच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. मावशी मुद्दाम वाकली, चष्मा तिच्या नाकापर्यंत नेला. चिमणीचा हात हललाच नाही.

मग मात्र मावशीनं पोराला उचललं आणि ओरडत सुटली. "सिस्टर! अहो सिस्टर! मी दोनदा दिलं हो!"

दवाखान्यात चिमणीच्या नाकावर ऑक्सिजन लावला. मावशी खाटेशी बसून तिच्या छातीकडे बघत राहिली. छाती वर जायची, खाली यायची आणि मग थांबायची. त्या थांबण्यात मावशीचाही श्वास अडकायचा. "ऊठ गं बाई, चष्मा फोडून टाक हवा तर," ती पुटपुटत होती.

आश्रमाच्या मोठ्या बाई दुपारी आल्या, आजीबाईला हाताला धरून. "मोजे कुणी सुलटे केले?" त्यांनी विचारलं.

आजीबाईचा चेहरा पांढराफटक पडला. दोन घरांनी तिला नेऊन परत आणून सोडलं होतं. चूक झाली की पाठवून देतात, एवढंच तिला जगाबद्दल ठाऊक होतं.

"मोज्यांचं काय घेऊन बसलात, बाई," मावशी म्हणाली. "वही होती. मी लिहिलं नाही. चूक माझी."

संध्याकाळी मावशीच्या नाकापाशी काहीतरी खरखरलं. चिमणीची बोटं चष्म्याची काडी शोधत होती. मावशी तिथल्या तिथे धाय मोकलून रडली.

नोकरी गेली नाही, खोलीही राहिली. मुलं मात्र तिच्या हातून काढून घेतली; मावशीला धुलाईघरात टाकलं. आता औषध दोघीजणी देतात, नाव मोठ्यानं घेऊन, जागच्या जागी वहीत लिहून. तसंच पाहिजे. आजीबाई शाळेतून आली की धुलाईघराच्या पायरीवर बसते, पण मोज्यांना हात लावत नाही.

मावशी रोज बत्तीस मोजे वाळत घालते. परवा एक उलटा निघाला, इवलासा. सुलटा करायचा म्हणून तिनं उचलला, आणि हात पुढे जाईना. तो तिनं तसाच दोरीवर टाकला.