अर्ध्या तासानं येणारा फोन

"दोन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घाला," मी फोनवर म्हणालो. "जातात?"

पलीकडून नुसतं हुंकारल्यासारखं काहीतरी आलं.

"आता बोटं काढा आणि मग सांगा."

"जातात, डॉक्टर. जरा ओढ बसते, पण जातात."

"गिळता येतंय?"

"येतंय."

"ताप?"

"दिवसभर भट्टीसमोर उभा असतो मी. ताप कुठला आणि भट्टी कुठली, कसं कळणार?"

हा आमच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला. शनिवार होता, संध्याकाळचे साडेसात वाजले होते. दवाखाना सातला बंद झालेला. त्याची खालची शेवटची दाढ काढू या असं मी दोन महिन्यांपूर्वी म्हटलं होतं. "बघू" म्हणून तो जो गेला, तो आज फोनवर भेटत होता. मी त्याला मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करायला सांगितल्या, दुखण्याची गोळी सांगितली, गालाला बाहेरून शेक देऊ नका असं बजावलं.

"अर्धा तास बघा," मी म्हणालो. "नाही थांबलं तर फोन करा."

"बरं," तो म्हणाला. मग जरा थांबला, पुन्हा एकदा "बरं" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

त्याचा परत फोन आला नाही. दुखणं थांबलं असणार, असं मी धरलं. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. आपल्यालाही हे जमतंय म्हणायचं.

माझी बायको जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. आमचा दवाखाना खाली आणि घर वर. दात मी बघायचो, गेली आठ वर्षं मुलगीही बघते. आणि दवाखाना बंद झाल्यावर येणारे फोन बायको बघायची. बाहेरच्या पाटीवर आमच्या घराचा नंबर आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी हिला तीन प्रश्न शिकवले होते. दोन बोटं तोंडात जातात का, गिळता येतं का, ताप आहे का. तिन्हींची उत्तरं ठीक असतील तर माणूस सकाळपर्यंत थांबू शकतो. तीसहून जास्त वर्षं हिनं तेच तीन प्रश्न विचारले. फोन स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. तो वाजला की ही स्टूल ओढून बसायची आणि म्हणायची, "हं, सांगा. मी बसलेय." ऐकणारा उभा असला की सांगणारा घाई करतो आणि नेमकं सांगायचं ते राहून जातं, असं तिचं म्हणणं.

मी तोवर पुढच्या खोलीत पेपर उघडलेला असायचा. पस्तीस वर्षं कानाशी ड्रिल चालल्यामुळे माझा उजवा कान गेल्यात जमा आहे. मी तिथूनच विचारायचो, "कोण होतं?" ती म्हणायची, "काही नाही, गुळण्या सांगितल्या." कधी म्हणायची, "खाली जा. पाच मिनिटांत येतायत." आणि ती खाली जा म्हणाली की खरंच जायची गरज असायची. एकदाही तिनं मला उगाच खाली पाठवलं नाही. आवाजावरून कळत असेल तिला, असं मी समजून चाललो. विचारलं कधी नाही.

रविवारी सकाळी सात वाजता बेकरीवाल्याची बायको दारात उभी होती. तो खाली त्यांच्या गाडीत बसला होता. गाल पावासारखा फुगला होता. एरवी मीच ही थट्टा केली असती. तोंडात दोन बोटं सोडा, एकही जात नव्हतं. थुंकी गिळता येत नव्हती, ती तो रुमालानं टिपत होता. मुलगी घरच्याच कपड्यांवर खाली आली, तिनं त्याच्या जबड्याखाली हात लावून बघितलं, आणि त्याच्या बायकोकडून गाडीची किल्ली घेतली. मोठ्या गावच्या रुग्णालयात पोचायला पाऊण तास लागतो. तिथं त्यांनी लगेच आत घेतलं. पू जबड्याखाली उतरला होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर श्वासाशी गाठ होती, असं तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं. ते तिनं मला संध्याकाळी सांगितलं.

"बाबा, आपण पाटी बदलू या."

"कुठली?"

"बाहेरची. घरचा नंबर काढून टाकू. दवाखाना बंद असेल तेव्हा रुग्णालयाचा नंबर लावायचा. तिथं चोवीस तास माणूस बसलेला असतो."

"तिथं जायला पाऊण तास लागतो."

"आपल्याला कालपासून बारा तास लागले."

मी हातातला पेपर घडी घालून ठेवला.

"तुम्हाला दोष देत नाही मी," ती म्हणाली. "मी फोन घेतला असता तरी हेच सांगितलं असतं. आई होती तेव्हाचं वेगळं होतं. आपण दोघं मिळूनसुद्धा आईएवढे होत नाही."

पाटी रंगवणाऱ्याला तिनं पुढच्या शनिवारी बोलावलं.

मला तो नंबर काढायचा नव्हता. त्या फोनवर लोक अजून "बाई" म्हणूनच सुरुवात करायचे, मग थांबायचे आणि मग "डॉक्टर" म्हणायचे. त्यांचं ते थांबणं मला हवं होतं. पण एक माणूस त्या फोनच्या भरवशावर मरता मरता वाचला होता, आणि मला हवं आहे हे काही डॉक्टरनं सांगायचं कारण नव्हे. म्हणून मी गप्प बसलो.

बुधवारी दुपारी मी बेकरीवाल्याला बघायला गेलो. गालावर पट्टी होती, सूज बरीच उतरली होती. तो जबडा न उघडता बोलत होता.

"दाढ काढली," तो म्हणाला. "अक्कलदाढ होती म्हणे. आता बेकरी हिनंच बघायची."

"आधीही मीच बघत होते," त्याची बायको म्हणाली.

मी खुर्ची ओढून बसलो. चार दिवस मनात होतं ते विचारलं. "तुम्ही परत फोन का नाही केलात? मी म्हटलं होतं ना, नाही थांबलं तर करा."

तो खिडकीकडे बघायला लागला.

"सांगा ना आता," बायको म्हणाली, आणि मग तिनंच सांगितलं. "फोनपाशी खुर्ची टाकून बसले होते हे. दहा वाजेपर्यंत. मला हातही लावू देईनात फोनला. म्हणे, एंगेज लागेल त्यांना."

"कुणाला?"

"तुम्हाला," तो म्हणाला. "तुमचा फोन येईल म्हणून बसलो होतो."

"माझा कशाला येईल?"

"बाई करायच्या की. गुळण्या सांगितल्या की अर्ध्या तासानं बाईंचा फोन यायचाच. थांबलं का, सूज होती तेवढीच आहे का, आता बोटं जातात का. तुम्ही पण अर्धा तास म्हणालात, म्हणून मला वाटलं..."

"मी तुम्हाला करा म्हटलं होतं."

"हो, म्हणालात." त्यानं गालावरची पट्टी दाबली. "पण तुमच्या घरात असं झालेलं. त्यात आपण दोनदा दोनदा फोन करायचा, तो पण दाढेसाठी. बरं दिसत नाही."

त्याच्या बायकोनं मला पाणी दिलं. मी तिथं रोग्याला बघायला गेलो होतो, आणि पाणी मी पीत होतो.

गुरुवारी दवाखान्यात जो येईल त्याला मी विचारलं. विचारल्यावर तोंडातून हात काढून थांबावं लागायचं. आयुष्यभर मी लोकांना तोंड उघडं ठेवायला लावून प्रश्न विचारत आलो, उत्तराची कधी गरज पडली नव्हती.

"बाई परत फोन करायच्या का तुम्हाला?"

"हो तर," शिवणकाम करणारी बाई म्हणाली. "कधी दोनदासुद्धा. मी म्हणायचे, थांबलंय बाई. त्या म्हणायच्या, आवाज तर तसा येत नाहीये. निघा तुम्ही, मी ह्यांना खाली पाठवते."

पोस्टमन म्हणाला, "माझं तर थांबलं होतं. पण बाईंनी एवढ्या आठवणीनं केला फोन, म्हणून म्हटलं, जरा दुखतंय अजून. त्या म्हणाल्या, लबाडा, झोप आता."

म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. भिंतीपलीकडे पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याला तेवढं नव्हतं.

शुक्रवारी दवाखाना बंद करताना मी मुलीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती हत्यारं पुसत होती. "आई फोनवर असायचीच रोज संध्याकाळी. मला वाटायचं, मावशीशी बोलतेय."

"मी तिला तीन प्रश्न शिकवले," मी म्हणालो. "चौथा तिचा तिनं शोधला. तेच तीन अर्ध्या तासानं पुन्हा विचारायचे. सूज आहे हे एकदा विचारून कळतं. वाढतेय की उतरतेय, हे दोनदा विचारल्याशिवाय कळत नाही. मी डॉक्टर, मला हे कळायला हवं होतं. मी अर्धंच उचललं. फोन करायचं काम दुखणाऱ्यावर टाकलं."

ती हत्यारं पुसतच राहिली.

"पाटी राहू दे," मी म्हणालो. "मी करीन फोन."

"आणि विसरलात तर?"

"गजर लावीन."

"कुठल्या कानाशी?"

"डाव्या."

ती हसली नाही, पण तिचा हात थांबला. "हे तुम्ही लोकांसाठी करताय की आईसाठी?"

"मला नाही सांगता यायचं," मी म्हणालो. खोटं कशाला बोलायचं.

तिनं ट्रे कपाटात ठेवला. "एक महिना बघू," ती म्हणाली. "पण दोन बोटं जात नसतील तर पुढचं काही विचारायचं नाही. मला हाक मारायची. गुळण्याबिळण्या काही नाहीत."

"मान्य."

"आणि गोळी सांगण्याआधी, आधीच्या काय गोळ्या चालू आहेत ते विचारायचं. आईपण विचारायची. ते मी ऐकलंय."

पाटीवाल्याला तिनं पुढच्या महिन्यात या, असं कळवलं. नको असं नाही कळवलं. तेही बरोबरच होतं.

पहिला फोन शनिवारीच आला, साडेसातच्या सुमाराला. शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. माझी मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकली. एकट्या राहतात. दाताची कॅप निघाली होती आणि हवा लागली की कळ येत होती.

"दोन बोटं जातात?" मी विचारलं.

"शिक्षिकेचं तोंड आहे. चार जातील."

सूज नव्हती, ताप नव्हता. आधीच्या गोळ्यांची नावं त्यांनी घडाघडा सांगितली. मी म्हटलं, कॅप डबीत घालून ठेवा, त्या बाजूनं चावू नका, गार काही घेऊ नका. आणि म्हणालो, "अर्ध्या तासानं मी फोन करतो."

मग त्या म्हणाल्या, "बरं."

रोगी माझ्याकडे आले, मी आपणहून कुणाला फोन केला असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. आठ वाजता मी नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"थांबलं का?" मी विचारलं.

"थांबलंय. केव्हाच थांबलंय."

"मग सोमवारी नऊला या. बसवून देतो."

"येते."

मी ठेवणार होतो. त्या ठेवत नव्हत्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "बाई दोन मिनिटं बोलायच्या."

"मला तसं जमत नाही हो."

"तुम्ही नका बोलू. मी बोलते, तुम्ही ऐका."

आणि त्या बोलायला लागल्या. जिन्यातला दिवा गेलाय आणि कुणी बदलत नाही. शेजाऱ्यांचं मांजर त्यांच्याच पायपुसण्यावर झोपतं. मग त्या हिच्याबद्दल बोलायला लागल्या. ही एकदा त्यांना फोनवर काय म्हणाली, तिला कुठल्या गोष्टीची भीती वाटायची, मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा तिनं कसे दिवस काढले. त्यातलं थोडं मला माहीत होतं. बरंचसं नव्हतं. मी फोन डाव्या कानाला घट्ट धरून ऐकत राहिलो.

मुलीनं जेवायला वाढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी हातानं खूण केली, तू जेवून घे. तिनं मान हलवली, दोन्ही ताटांवर झाकणं ठेवली आणि समोर बसून राहिली.

हिचं ताट असंच झाकलेलं असायचं. मी तेव्हा जेवून उठलेला असायचो.