वरच्या हवेची गाडी

उस्ता बार्केवनं चौथं जेट पेचकसानं सोडवलं, पेट्रोलमध्ये बुडवून फुंकलं आणि डोळ्याशी धरून खिडकीकडे तोंड केलं. बोटाच्या पेराहून लहान अशी पितळी नळी, तिच्या मधोमध भोक. कार्ब्युरेटरमधलं सगळं पेट्रोल तेवढ्याच वाटेनं इंजिनाकडे जातं. भोकातून उजेड आला, पण अगदी बेताचा.

"हेही तसंच," तो म्हणाला. "एमील, तुझा बाबा हा गाडी कोणाला दाखवत होता?"

बार्केव अर्मेनियन. चाळीस वर्षं बैरूतच्या बुर्ज हम्मूदमध्ये गॅरेज चालवूनही अरबी बोलताना त्याची बाई-बुवांत गल्लत व्हायचीच. गाडी त्याच्यासाठी 'हा' होती. एमीलला त्याची सवय होती. त्याची स्वतःची रोजची गाडी इथंच यायची.

"कोणालाच नाही. बाबा दुसऱ्याला बॉनेटला हात लावू द्यायचे नाहीत."

"मग भुतानं केलं."

ही गाडी मात्र रोजची नव्हती. लाल रंगाची, उघड्या टपाची, दोन माणसांची अल्फा. एमीलचे वडील, नजीब, फेब्रुवारीत गेले आणि ती त्याच्याकडे आली. वेग द्यायला गेलं की ती खोकायची, अडखळायची, कधी कार्ब्युरेटरमधून फाटकन उलटा बार काढायची. सोमवारी कुवेतहून गिऱ्हाईक येणार होतं आणि त्याला समुद्राकाठच्या हमरस्त्यावर वाऱ्यासारखी पळणारी गाडी हवी होती. म्हणून दोन्ही कार्ब्युरेटर उघडून साफ करायचे, नवी गास्केटं घालायची आणि मोठी जेटं बसवायची, असं ठरलं होतं.

खरं तर विकायची घाई गिऱ्हाइकामुळे नव्हती. डोंगरातल्या ऐन लौझा गावातून तीनदा निरोप आला होता, 'गाडी मला दे, मागशील ते देतो.' निरोप होता अम्मो इस्कंदरचा, बाबांच्या थोरल्या भावाचा. बावीस वर्षांपूर्वी सफरचंदाच्या बागेतल्या पाण्याच्या पाळीवरून दोघे भाऊ भांडले आणि बोलणंच संपलं. त्यानंतर एमील आणि त्याची आई गावाकडे फिरकले नाहीत. आधी बागेचं पाणी घेतलं, आता गाडी हवी, असं एमीलच्या मनानं घेतलं. ती परक्याच्या घशात गेली तरी चालेल, पण त्या म्हाताऱ्याला मिळता कामा नये.

सांत्वनाच्या दिवशीही तो असाच वागला होता. चर्चच्या दालनात येणाऱ्या प्रत्येकासाठी घरची माणसं उठून उभी राहतात, हात हातात घेतात. अम्मो इस्कंदर आला तेव्हा एमील बसून राहिला. म्हातारा हात पुढे करून थोडा वेळ थांबला आणि मग पुढच्या खुर्चीकडे सरकला. आपण बाबांचा मान राखला, असं एमीलला त्या दिवशी वाटलं होतं. अजूनही वाटत होतं.

"इकडे ये," बार्केवनं भिंग पुढे केलं. "नंबर वाच."

"एकशे तीस."

"बरोबर. समुद्राच्या हवेला एवढंच लागतं. पण कोणीतरी ते भोक बुजवलं आणि पुन्हा बारीक पाडलं. आता हे एकशे वीससुद्धा भरणार नाही."

"मुद्दाम?"

"चारचार जेटं चुकून बुजतात का? अरे, डोंगरावर हवा विरळ. तिथं पेट्रोलही कमी द्यावं लागतं, नाहीतर गाडी गुदमरतो. हे वरच्या हवेचं काम आहे. म्हणून हा इथं खाली खोकतो. आजारी नाही बिचारा, डोंगरातला आहे."

"बाबा डोंगरात जातच नव्हते. रविवारी सकाळी समुद्राकाठी चक्कर मारायचे आणि जेवायला घरी यायचे."

"जेवायला किती वाजता?"

"तीन वाजायचे."

"सकाळी निघून तीन? गाडीत बसून जात होता की पोहत?"

एमील हसला नाही. बार्केव जेटाच्या भोकाशी सुईनं खरवडत होता.

"हात मात्र झकास आहे. मला असं जमलं नसतं. आणि हे कथिल नाही, कथिल मऊ असतं." एकाएकी तो थांबला. मग त्यानं काळंकुट्ट बोट तोंडात घालून गाल बाजूला ओढला आणि उजेडाकडे आ वासला. मागच्या दाढेत करड्या रंगाची चांदी भरलेली होती. "हे बघ! हेच ते. दातात भरायचं सामान आहे, देवाशपथ! दातांच्या डॉक्टरानं तुमचा कार्ब्युरेटर भरलाय."

तो आपल्याच बोलण्यावर खो खो हसला. एमीलनं जेट तळहातावर घेतलं.

"अम्मो इस्कंदर दातांचे डॉक्टर आहेत," तो म्हणाला.

"मग झालं! भांडणाआधी केलं असेल."

"गाडी भांडणानंतर घेतली. तीन वर्षांनी."

बार्केवचं हसू ओसरलं. त्यानं हात पुसले, स्टोव्हवरची कॉफी दोन कपांत ओतली आणि एक कप न विचारता एमीलसमोर ठेवला. एमीलला फेब्रुवारीतला तो पुढे आलेला हात दिसत होता आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. एकोणीस वर्षं बाबा भावाला भेटत होते आणि घरात त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. त्यांचाही राग आला.

"मग काय करू?" बार्केवनं विचारलं. "नवी मोठी जेटं आणलीत मी."

"आहेत तीच परत घाला."

"गिऱ्हाईक खोकला ऐकून पळून जाईल."

"पळू दे. त्याला आजच कळवतो, गाडी विकायची नाही म्हणून."

बार्केवनं वाद घातला नाही. पुढचे दोन दिवस त्यानं मन लावून काम केलं. झिजलेल्या दांड्यांना नव्या बुशी बसवल्या, आतल्या तरंगत्या गोळ्याची उंची पुन्हापुन्हा मोजली, शेवटी रबरी नळी कानाला लावून दोन्ही कार्ब्युरेटरांचा श्वास सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवले. जुनी चार जेटं धुऊन ज्याची त्याला जागा दिली.

रविवारी सकाळी एमील निघाला. शहर संपेपर्यंत गाडीनं त्याचा अंत पाहिला. सिग्नलला शेजारच्या टॅक्सीवाल्यानं "काका, हिला मध-लिंबू द्या," असं ऐकवलं. चढ लागला तशी ती सुधारत गेली. हजार मीटरचा फलक मागे पडल्यावर खोकला थांबला आणि वळणावळणावर ती अशी झेपावू लागली की एमीलला आपल्या बापाचा हेवा वाटला.

ऐन लौझात गावाच्या टोकाला दगडी घर होतं आणि फाटकाबाहेर रस्त्यावर अक्रोडाचं झाड. म्हातारा आधीच झाडाखाली येऊन उभा होता. खालच्या वळणावरच त्याला आवाज ओळखू आला असणार. एमीलनं गाडी थांबवली, पण इंजिन बंद करायचं त्याला सुचलं नाही.

"अम्मो," तो उतरून म्हणाला, "त्या दिवशी मी उठलो नाही."

"पाहिलं मी." अम्मो इस्कंदरनं गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. "फार लागलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग म्हटलं, बापानंच सांगितलं नाही तर पोरगं काय करणार? नजीबची चूक. आणि नजीबवर ओरडायचं म्हटलं तर तो राहिला नाही."

"त्यांनी सांगितलं का नाही?"

"चौकात सगळ्यांदेखत ओरडला होता, इस्कंदरच्या दारात पाऊल टाकणार नाही. मी म्हटलं, मीही तुला बोलावणार नाही. दोघेही शब्दाला पक्के. म्हणजे दोघेही गाढव." म्हाताऱ्यानं नाक पुसलं. "तीन वर्षं अशीच गेली. मग एक दिवस ही गाडी घेऊन इथं रस्त्यावर थांबला. म्हणाला, बिघडली आहे. आता रस्त्यात कोणाची गाडी बिघडली तर माणूस बघायला जातोच, त्यात शब्द कुठे मोडतो? कॉफी मी बाहेर आणायचो. एकोणीस वर्षं ही दर रविवारी इथंच बिघडायची."

इंजिन संथ, एका लयीत चालू होतं. म्हाताऱ्यानं कान देऊन ऐकलं आणि पुतण्याकडे पाहिलं.

"आज काय झालंय हिला?"

एमीलनं आत हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"बिघडली आहे," तो म्हणाला.

"मग दोन-तीन तास तरी लागतील," अम्मो म्हणाला आणि फाटक उघडून बाजूला झाला.