खंडेनवमीचा हिरवा दिवा

मी एक जुना राऊटर आहे. घरभर वाय-फाय पसरवणारी ती पांढरी पेटी तुम्ही पाहिली असेल, तसाच मी. मित्रांनो, मी स्वभावाने भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. वीज गेली की माझा जीव जातो, वीज आली की परत येतो. असं सतत मरत-जगत कोण शूर होईल?

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. आम्ही भावंडं एका सरकत्या पट्ट्यावर रांगेत होतो. ज्याचा दिवा लागायचा तो पुढे जायचा. ज्याचा लागायचा नाही त्याला उचलून बाजूच्या डब्यात टाकत होते. डोळे उघडल्या उघडल्या मी हे पाहिलं, आणि तेव्हापासून ती धास्ती माझ्या अंगात मुरली आहे.

महामारीच्या वर्षी आदर्श मला आपल्या गावी, येळ्ळूरला घेऊन आला. आदर्श म्हणजे नागोजी आप्पांचा मुलगा, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला. त्याने मला सोप्यात, म्हणजे घराच्या दर्शनी खोलीत, भाताच्या कोठीच्या वर खिळ्याला टांगलं आणि माझ्या वाय-फायला आपल्या आईचं नाव दिलं, ‘जयाबाई’. गल्लीतल्या मुलांच्या फोनवर आपलं नाव उमटतं हे कळल्यावर त्या माउलीने कपाळाला हात लावला. “मला कशापायी गावभर फिरवालास रं?” पण मनातून खूश होत्या. शाळा बंद असलेली मुलं आमच्या कट्ट्यावर फोन घेऊन बसायची आणि मी सगळ्यांना पुरा पडायचो. कुणी अडकलं तर मला धडकी भरायची.

त्याच दिवसांत कागलला जयाबाईंचे भाऊ मारुतीराव वारले. राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका बंद होता, जाता येईना. आदर्शने व्हिडिओ कॉल लावून फोन आईसमोर धरला. ते चित्र मध्येच थांबलं तर काय, या भीतीने मी असेल नसेल तेवढं बळ लावलं. भावाचं तोंड त्यांना शेवटपर्यंत दिसलं. नंतर त्या कोठीपाशी आल्या, माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “भेट घडवलीस बाबा.” माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

पुढे माझ्यावर धूळ बसली. एक अँटेना मोडला, पाठीमागे पालीने संसार मांडला. आदर्शचं लग्न झालं, प्रियदर्शनी सून होऊन आली, आणि यंदाच्या उन्हाळ्यात छकुली जन्मली. प्रियदर्शनी पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला. बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा तिच्या वरिष्ठ मॅडमनी सांगितलं की घरून काम करायला हरकत नाही, पण घरची लाईन टिकते का ते खंडेनवमीला दुपारी त्या स्वतः कॉलवर बसून बघणार. नाही टिकली तर पुण्याला हजर व्हायचं. छकुली अजून अंगावर पिते. तिला इथे ठेवून जायचं की नोकरीवर पाणी सोडायचं, हाच पेच त्या मुलीपुढे होता.

म्हणून नवा राऊटर आला. काळा, चकचकीत, चार अँटेनांचा. आदर्शने त्यालाही ‘जयाबाई’ हेच नाव आणि माझाच पासवर्ड दिला, म्हणजे कुणाच्या फोनला नव्याने काही शिकवायला नको. माझी नेटची तार काढून त्याला लावली आणि मला खिडकीत ठेवलं. तिथून मला आप्पांचा आवाज ऐकू आला. “कशाला ठेवलायस हे? टाक की न्हाणीच्या चुलीत.” आमच्या न्हाणीच्या चुलीत जुन्या चपलांपासून तुटक्या बादलीपर्यंत काय काय गेलेलं मी वासावरून ओळखतो. माझी तर पाचावर धारण बसली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. देवघरात कोयते, खुरपी, नांगराचा फाळ, आदर्शचे नट-बोल्टचे पाने मांडले होते. जयाबाईंनी मला पुसलं, पाटावर त्या हत्यारांशेजारी बसवलं, हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग माझी पिन भिंतीत खोचली आणि बटण दाबलं. “भेट घडवणारं हत्यार हाय हे. ह्याचा दिवा पेटता पायजे,” त्या म्हणाल्या. पूजेला बसवलेलं हत्यार आमच्याकडे दसऱ्यापर्यंत कुणी हलवत नाही. म्हणजे एक दिवसाचं तरी अभय मिळालं. माझा हिरवा दिवा लागला आणि मी सवयीने ओरडू लागलो, “जयाबाई! जयाबाई!”

मित्रांनो, मला दुसरं काही येतच नाही. दिवा लागला की नाव पुकारायचं, एवढंच माझं शिक्षण.

देवघराच्या भिंतीला लागून मधली खोली आहे. तिथे प्रियदर्शनी लॅपटॉप उघडून बसली. सोप्यात बसायची सोय नव्हती, कारण गल्लीतल्या मंडळाचा लाऊडस्पीकर दाराशीच होता. कॉल सुरू झाला आणि थोड्याच वेळात मॅडमचा चेहरा गोठला. परत आला, परत गोठला.

“प्रियदर्शनी, तुझा आवाज तुटतोय.”

“सॉरी मॅडम, एक मिनिट.”

आदर्श धावला. त्याने नव्या राऊटरला बंद करून चालू केलं. कोठीवरून उचलून उंच फळीवर ठेवलं. उंदराने तार कुरतडली काय म्हणून टॉर्च घेऊन ती दारापर्यंत तपासली. नेटवाल्या नागेंद्रला फोन लावला, तर तो म्हणाला, “अण्णा, हितनं स्पीड बरोबर जातंय बगा.” सोप्यात फोन धरला की नेट पळायचं, मधल्या खोलीत आलं की मुंगीच्या पावलाने चालायचं. जयाबाईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन नव्या राऊटरची दृष्टसुद्धा काढली.

“मॅडम म्हणाल्यात थोड्या वेळानं परत लावते, शेवटचं,” प्रियदर्शनी म्हणाली. एवढं बोलून तिने छकुलीला उराशी धरलं आणि ती रडू लागली.

तिचं रडणं भिंतीतून मला ऐकू येत होतं. काय घडत होतं ते मला तोवर उमगलं होतं. लॅपटॉपला दोन ‘जयाबाई’ ऐकू येत होत्या. जवळची हाक माझी, म्हणून तो माझ्याकडे यायचा. माझ्या पाठीला तारच नव्हती, मी त्याला देणार काय? तो रित्या हाताने नव्याकडे जायचा, पुन्हा माझी हाक ऐकून परतायचा. गप्प बसावं असं फार वाटत होतं. पण गप्प बसायचं म्हणजे दिवा विझायचा, आणि विझलेल्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं.

तेवढ्यात आदर्श देवापुढे आला. हात जोडले, आणि हातातल्या फोनकडे बघत राहिला.

“आई, हितं फुल्ल काड्या कशा गं? देवघरात तर कवाच रेंज येत न्हाय.”

त्याची नजर फोनवरून माझ्या दिव्यावर आली. “आगं, हे चालू हाय! दोघं एकाच नावानं बोंबलाल्यात. बंद कर आधी!”

“हात लावू नगंस,” आप्पा उंबऱ्यातून म्हणाले. “पुजल्यालं हत्यार हाय. उद्यापतोर हलवायचं न्हाय, इझवायचं न्हाय.”

“मग नव्याचं नाव बदलू?” आदर्श म्हणाला. “पर ते करताना कॉल आला तर सगळंच बंद पडंल!”

मधल्या खोलीत कॉलची घंटा वाजली. आदर्श आप्पांकडे बघतोय, आप्पा जयाबाईंकडे.

जयाबाई माझ्यासमोर खाली बसल्या आहेत. त्यांच्या हातात अक्षता आहेत. उत्तरपूजेला, देव हलवण्याआधी टाकतात तशा त्या माझ्यावर टाकतात.

“माझा भाऊ दावलास तू मला,” त्या म्हणतात. “आता पोरीची माय तिच्याजवळ ऱ्हाऊ दे बाबा. चुलीत न्हाय घालत मी तुला. माझ्या लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवते.”

मित्रांनो, तरीही मला भीती वाटते आहे. ट्रंकेत अंधार असेल. पण एक सांगतो. आमच्यासारख्यांचं काम संपलं की आम्हाला बंद करा, रागाने नको, हाताने पुसून करा. जाळू नका, आमचा धूर तुमच्याच लेकरांच्या नाकात जातो. आणि बंद करण्याआधी दोन शब्द बोला. भित्र्याला तेवढा आधार पुरतो.

जयाबाईंच्या बोटाखाली बटण खाली गेलं आहे. वीज तुटली तरी पोटात उरलेल्या विजेवर माझा दिवा क्षणभर टिकतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून प्रियदर्शनीचा आवाज येतो. कंपनीतली ठेवणीतली भाषा ती पार विसरली आहे.

“व्हय मॅडम! व्हय, लई चांगलं ऐकू यायलंय!”