बाभळीच्या खुंट्या

चौथी तार पिळता पिळता लाकडातून ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि पंजाबरावाचा हात जागीच थांबला.

“काय झालं वो?” लिलाबाईनं विचारलं.

मांडीवरची बेस गिटार त्यानं दाराच्या उजेडाकडं वळवली. दांडी जिथं धडाला सरसानं चिकटवली होती, तिथं केसाएवढी फट पडली होती. फटीत काळपट ओल चमकत होती.

लिलाबाईला वासावरूनच कळलं. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. जन्मभर नवऱ्यानं रिठदच्या घरांना सागाच्या चौकटी बसवल्या, आणि लाकडाला आधी ते ऑइल पाजलं; त्याच्या चौकटीला वाळवी शिवत नसे. लेकीसाठी, स्नेहासाठी, स्वतः घडवलेल्या या गिटारीचं लाकूडही त्यानं तसंच मायेनं पाजलं होतं. पण चौकट खुंट्यांवर उभी राहते, तिला सरस लागत नाही. तेल प्यालेल्या लाकडानं सरस धरलाच नव्हता.

“उधई लागू नये म्हनून केलं वं म्या,” तो पुटपुटला.

“गिटारीले कुठून लागन उधई? ते काय जमिनीत गाडाची हाय?”

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. आज बुद्धपौर्णिमा. पांढरं लुगडं नेसून सकाळीच तिनं विहारात अष्टशील घेतलं होतं. दुपारनंतर अन्न नाही, खोटं बोलणं नाही, गाणं-बजावणं ऐकणं नाही. लागट बोलणंही तिच्या लेखी त्यातच आलं.

दिवस मावळला की विहारासमोरच्या मंडपात स्नेहाच्या गायन पार्टीचा कार्यक्रम होता. पार्टीचा म्होरक्या ऋषिकेशनं तिला आधीच बजावलं होतं: बापाच्या गिटारीनं स्टेजवर दगा दिला तर पुन्हा कोरसमध्ये उभं राहायचं, बेसवर अकोल्याचा वादक येईल.

पंजाबरावानं तारा ढिल्या केल्या आणि गिरमिट काढलं.

“भोकं पाडता? पालिश केल्या अंगाले?”

“मंग काय करू? तूच सांग!”

आवाज चढला होता, पण हात जपून फिरत होता. गिरमिट जरा तिरपं गेलं असतं तर लाकूड उभं चिरलं असतं. भुसा पडत राहिला, काळा, चिकट. मग बाभळीच्या खुंट्या, एकेक तासून, दांडीतून धडात. दर ठोक्याला लिलाबाई डोळे मिटायची. ओठांवर त्रिशरण चाललेलं.

शेवटची खुंटी बसली तोच पांढऱ्या कुर्त्यातली स्नेहा आत आली.

“बाबा, झालं का? तिकडं साऊंडवाला बोंबलून राह्यला!” तिनं गिटार उलटी केली. “हे काय वो? खाटीचे पाय ठोकले काय?”

पंजाबरावानं बायकोकडं पाहिलं. सांगू नको, असं त्या नजरेत होतं.

“आई, टिकन ना हे?”

लिलाबाईनं पदर सारखा केला. “सरस सुटला होता. बाबानं खुट्या ठोकल्या. टिकन का नाही, मले मालूम नाही, बाई.”

स्नेहाचा चेहरा उतरला. पंजाबराव खाली बघून गिरमिट पुसत बसला, पुसलेलंच पुन्हा पुसत.

“पिळा मंग बाबा,” ती म्हणाली. “चारी तारा, जोरात. तुटाची असन तर घरातच तुटू द्या.”

त्यानं पिळल्या. तिघंही लाकडाकडं कान लावून. आवाज आला नाही. स्नेहानं पट्टा खांद्यावर घेतला आणि निघाली. तिच्यामागं अंतर राखून तोही गेला.

लिलाबाई विहारात जाऊन दारातल्या चौकटीला टेकून बसली. चौकट पंजाबरावाच्याच हातची. बाहेर माइक खरखरला, स्नेहाच्या पार्टीचं नाव पुकारलं गेलं, तसे तिनं दोन्ही कानांवर तळवे दाबले.

शब्द बुडाले, ढोलकी बुडाली. पण चौकटीतून पाठीत काहीतरी घुमू लागलं, बेसचा खर्ज. सागाचं लाकूड हलकेच थरथरे, थांबे, पुन्हा थरथरे. एकदा ते थांबलं ते थांबलंच. लिलाबाईनं श्वास धरला. आता मंडपात सगळे स्नेहाकडं बघत असतील. ऋषिकेश बघत असेल. मागं उभा असलेला तिचा बाप कुठं बघत असेल?

मग पुन्हा घुमलं. खोल, सावकाश.

कान तिनं घट्ट दाबलेले होते. पाठ मात्र तिनं चौकटीवरून काढून घेतली नाही.